न कापणारा चाकू

सगुणाकाकी दुकानात आली ती भर दुपारी. मी शटर अर्धं ओढून डबा खायला बसले होते. पोयनाडच्या बाजारात त्या वेळी कोणी खिळासुद्धा घ्यायला येत नाही, म्हणून मी जरा त्रासूनच वर पाहिलं. ती शटरखालून वाकून आत आली, स्टुलावर बसली, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "भाविका, मना एक मिटायचा चाकू दे. खिशात ऱ्हाईल असा. पन कापायला नको."

"कापायला नको तर चाकू कशाला, काकी? चमचा ने."

एरवी असं बोलले असते तर तिनं मला चार शब्द ऐकवले असते. सगुणाकाकीची जीभ सगळ्या खारेपाटाला माहीत आहे. त्या दिवशी ती हसली नाही आणि चिडलीही नाही. "त्याचा चाकू दिपेशनं खाडीत टाकला," एवढंच म्हणाली आणि माझ्या डब्याकडे बघत बसली. मी अर्धी भाकरी पुढे केली. तीही तिनं मुकाट्यानं घेतली.

चाकू निवडणारी माणसं मी रोज बघते. नवरा कंपनीत जातो आणि हे हार्डवेअरचं दुकान माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांचे सगळे नमुने माझ्या वाट्याला. घडीचा चाकू घ्यायला पुरुष आला की समजायचं, पाऊण तास गेला. किहीमच्या बंगल्यांवरचे राखणदार येतात, ट्रकवाले येतात, वाडीवाले येतात. एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेले दोन चाकू समोर ठेवते. एक जण अंगठ्यावर धार बघतो, दुसरा माझ्याच कॅलेंडरचा कोपरा कापतो, तिसरा कानाशी नेऊन खटका ऐकतो. "अरे बाबांनो, सख्खी भावंडं आहेत, कुठलाही उचला," असं मी म्हणते, पण ऐकतो कोण. मला ही सगळी पोरकट हौस वाटायची. बायका भाजी चिरायच्या सुरीसाठी एवढा वेळ कधी घालवत नाहीत.

पण धर्माकाकाचा चाकू हौसेचा नव्हता. धर्मा म्हणजे सगुणाकाकीचा नवरा. मिठागरावरच्या घरात जन्मला, लहानपणी मिठाच्या पाट्या उचलल्या, मिठानं पायांना चिरा पडल्या म्हणून पळून ट्रकवर क्लिनर झाला. क्लिनरचा ड्रायव्हर झाला आणि पुढे स्वतःची गाडी घेतली. आधी मीठ वाहिलं, मग विटा, मग दिघीच्या बंदरावरचा माल. पँटच्या उजव्या खिशात लाकडी मुठीचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेला घडीचा चाकू कायम. त्यानं ताडपत्रीच्या दोऱ्या कापायच्या, टायरच्या खाचेतले खडे काढायचे, कलिंगड कापायचं, पोरांच्या पेन्सिलींना टोकं करायची. नातवाच्या वाढदिवसाला सुनेनं केकबरोबर आलेली प्लास्टिकची सुरी पुढे केली, तर हा म्हणाला, "यानं काय व्हतंय?" आणि खिशातला चाकू काढून केकचे चौकोन पाडून मोकळा झाला. केकला डिझेलचा वास येतो म्हणून सूनबाई आठवडाभर फुगली होती.

मग त्याचं डोकं विसरायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार. आधी रस्ते गेले, मग नातवंडांची नावं गेली, मग सगुणाकाकी गेली. म्हणजे ती समोर असायची, भात वाढायची, पण ही बाई कोण आणि आपल्या घरात का वावरते ते त्याला उमगायचं नाही. हात मात्र काही विसरले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी गत. कुठेही बांधलेली दोरी दिसली की त्याला वाटायचं, गाडी पोचली, आता माल उतरवायचा. लगेच चाकू बाहेर. कपडे वाळत घालायची दोरी कापली. शेजाऱ्याची शेळी सोडली, ती कोणाच्या तरी परसात जाऊन सगळी अळूची पानं खाऊन आली, त्यावरून भांडण झालं. एकदा दिपेशची गाडी माल भरून, ताडपत्री आवळून अंगणात उभी होती. दिपेश म्हणजे मुलगा, तोही ट्रकच चालवतो. तो आंघोळ करून बाहेर येतो तर बापानं एका बाजूच्या सगळ्या दोऱ्या कापलेल्या. त्यात चाकू हातावर घसरला होता, ते म्हाताऱ्यानं कोणाला सांगितलंच नाही. जेवायला बसल्यावर सगुणाकाकीला ताटातल्या भातावर रक्त दिसलं.

दिपेशनं त्याच दिवशी बाप झोपलेला असताना खिशातून चाकू काढला आणि पुलावरून खाडीत फेकला. दिपेश वाईट मुलगा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत मुलाला शिव्या घालणं सोपं असतं. माझ्या घरी असं झालं असतं तर मीही तेच केलं असतं.

पण झालं भलतंच. आगीतून उठून फुफाट्यात पडावं तसं. धर्माकाका दिवसभर उजवा खिसा चाचपायचा. चाकू खिशात नाही म्हणजे तो गाडीत राहिला, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि गाडी शोधायला तो बाहेर पडायला लागला. गेट लावलं तर कुंपणाच्या दगडी गडग्यावरून पलीकडे उतरायचा. एकदा पहाटे निघाला तो चालत, कोणाच्या तरी मागे बसून, कसा कोण जाणे, वडखळच्या नाक्यावर पोचला. तिथे रांगेत उभ्या असलेल्या कोणा परक्याच्या ट्रकखाली, मागच्या चाकांच्या मधे हा चाकू शोधत होता. त्या ड्रायव्हरनं गाडी सुरू करायच्या आधी सवयीनं चाकं बघितली, म्हणून वाचला.

"दिपेश बोलला, अजून एक डाव बाहेर गेला, की मी त्याला कर्जतच्या पल्याड त्या आश्रमात नेऊन सोडनार," सगुणाकाकी सांगत होती. "त्यो तरी काय करंल? त्याला गारीवर जावा लागतंय. सून नोकरीला. मी एकली कुठं कुठं धावू? माझं गुडघं बघ." मग भाकरीचा तुकडा हातातच ठेवून तिनं विचारलं, "तिथं बांधून ठेवत असतील काय गो?"

मला माहीत नव्हतं. खोटं धीराचं बोलणं मला जमत नाही. मी डबा बंद केला आणि घडीच्या चाकूंचं खोकं काढलं.

खिशात चाकू असला की तो गाडी शोधायला जाणार नाही, एवढं तिचं गणित होतं. आता चाकू असा हवा की त्याला तो स्वतःचा वाटला पाहिजे आणि त्यानं काही कापलं जाता कामा नये. माझ्याकडे लाकडी मुठीचे, पितळी टोप्यांचे तीन प्रकार होते. लांबून बघितले तर तिन्हींत काही फरक नाही. सगुणाकाकीनं ते बघितलेच नाहीत. तिनं डोळे मिटले आणि एकेक तळहातावर घेतला. म्हणाली, "पँट धुवायला घेतली की खिशातून मीच काढायची. हाताला ठाऊक हाय माझ्या."

पहिला तिनं लगेच खाली ठेवला. हलका होता, मूठ लाकडाच्या रंगाची, पण प्लास्टिकची. उरलेले दोन तिनं पुन्हा पुन्हा उचलले. वजन तेच, लांबी तीच, पात्यावरची नखाची खाचही त्याच जागी. फरक फक्त स्प्रिंगचा. एक नखानं अलगद उघडायचा. दुसऱ्याची स्प्रिंग इतकी कडक, की तो उघडताना माझ्या तोंडून वाईट शब्द निघाला. कंपनीचा माल असा येतो कधी कधी, मी तो परत पाठवायला बाजूला ठेवला होता. सगुणाकाकीनं उघडायचा प्रयत्न केला, तिला जमेना. तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

"योच दे. त्याच्यानं उघडंल न्हाय. नुसता खिशात ऱ्हाईल."

मला वाटलं, सुटला प्रश्न. दुपारची झोप गेली, पण एका बाईचं काम झालं, अशा समाधानात मी शटर वर केलं.

काही दिवसांनी ती पुन्हा आली, तीही दुपारीच. त्याच वेळी तो जरा डुलकी घेतो आणि शेजारची राही त्याच्याजवळ बसते. चाकू तिनं काउंटरवर ठेवला. धर्माकाकानं तो आपला म्हणून घेतला होता, खिशातही ठेवला होता, गाडीची आठवण काढली नव्हती. पण उघडत नाही म्हटल्यावर दिवसभर ओट्यावर बसून त्याच एका उद्योगाला लागला. अंगठ्याचं नख उलटं झालं, मग दुसऱ्या बोटाचं. येणाऱ्या जाणाऱ्याला हाका मारायचा, "ए बाबा, येवढा उघडून दे र." सगुणाकाकी सगळ्यांना खुणा करायची, नको म्हणून. पण आपल्याकडे उपकार करायला कोणी तरी टपलेलं असतंच. टेम्पोतून मासळीच्या पाट्या उतरवायला आलेल्या माणसानं पकडीनं उघडून दिला. तासाभरात शेळी पुन्हा अळूत.

"मग त्याच्या हातून काढून घेतला. तवा त्यानं मना..." ती थांबली. तिच्या दंडावर काळंनिळं दिसत होतं, ते तिनं पदराखाली घेतलं.

आता दुसरा, सहज उघडणारा. मी म्हटलं, "थांब, याची धारच मारते." मागच्या खोलीत ग्राइंडर आहे. लोक धार लावायला आणतात, मी पहिल्यांदाच धार घालवायला बसले. पातं चाकावर सपाट घासून घासून एकसारखं बोथट केलं. टोक तेवढं राहू दिलं, कारण टोक गेलेला चाकू आंधळ्यालाही कळेल. मग मनगटावरून फिरवला, सुतळीवर ओढला. सुतळीचा एक धागा तुटला नाही. चकाकत मात्र होता नव्यासारखा. सगुणाकाकीनं तो घेतला, डोळे मिटून तोलून बघितला आणि कमरेला खोचून निघून गेली. जाताना पायरीवर तिचा झोक गेला, भिंतीला धरून उभी राहिली. मी हाक मारली तर म्हणाली, "काय न्हाय, उभ्या उभ्या झोप येते आताशा."

हा चाकू त्या घरी एक दिवसही टिकला नाही. धर्माकाकानं तो उघडला, नखावर टेकवला, ओट्याच्या खांबाला बांधलेल्या दोरीवर एकदा ओढला आणि मिटून बाजूला ठेवला. समोर बायको उभी होती. तिला म्हणाला, "बाय, यो माझा न्हाय. ज्याचा हाय त्याला नेऊन दे, शोधत असंल बिचारा." आणि चपला घालून निघाला गाडी बघायला. ती भात उतरवायला आत वळली तेवढ्यात गडग्यावरून पार. दिपेशच्या ओळखीच्या रिक्षावाल्यानं त्याला हमरस्त्याच्या मधोमध धरलं आणि घरी आणलं. दिपेश घरातच होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. फोन घेऊन अंगणात गेला, आश्रमाशी बोलला आणि आत येऊन म्हणाला, "आई, रविवारी गाडी आणतो."

तो बोथट चाकू परत घेऊन हे सगळं सांगायला ती तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. पाइपचं माप घेत होतं बिचारं. तिनं त्याच्यादेखत सांगितलं, "मना आता धारवाला दे. चांगला धारवाला."

मी भडकले. "काकी, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या स्वतःचा हात तोडून घेईल. नाही तर तुझा."

"घेऊ दे."

"घेऊ दे काय? मी देणार नाही."

"देऊ नको. अलिबागला जाईन, तिथं मिलंल." मग तिचा आवाज चढला, आणि पाइपवाला पाइप ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. "तुना काय ठाऊक भाविका? झोपताना त्याच्या मनगटाला माझा पदर बांधून झोपते. बांधल्यालं दिसलं की त्यो सोडवत बसतो. मी परत बांधते. माना टाकायची येल आलीय माझ्यावर, पन त्यो घरात हाय ना, माझ्या डोल्यांसमोर हाय. तिथं नेला तर कोन त्याच्या उशाला बसंल? कापंल तर कापंल. मना कापंल. माझं मी बघीन."

बोलून झाल्यावर ती काउंटरवर डोकं टेकून बसली. तिला रडायचीही ताकद नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसतं थकल्यासारखं वाटलं, तिचं थकणं माझ्याही अंगावर आल्यासारखं. शेवटी मी म्हटलं, "आज तुमच्या आळीत हळद आहे ना? मलाही आमंत्रण आहे. संध्याकाळी येते. दोन्ही चाकू आणते, धारेचा आणि बिनधारेचा. तिथं बसून ठरवू." ठरवणार काय होते, मलाही माहीत नव्हतं. वेळ मारून नेली, झालं.

संध्याकाळी शटर लवकर ओढलं आणि गेले. हळद सगुणाकाकीच्या घरासमोरच होती. मांडव अर्ध्या रस्त्यावर आलेला, बेंजोवाले सामान उतरवत होते. त्यांचा धिंगाणा सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी धवलारीण माइकसमोर बसून धवले म्हणत होती. आमच्या आगरी लग्नात भटजी असतोच, पण धवलारणीच्या गाण्याशिवाय कुठला विधी पुरा होत नाही. तिचा आवाज पार फाटलेला होता आणि तरी सगळी आळी ऐकत होती.

धर्माकाका ओट्यावर बसला होता. बनियन, खाकी पँट, उजवा हात खिशावर. चपला पायातच. सगुणाकाकी त्याच्या आणि पायरीच्या मधे बसली होती, वाट अडवून. तो धवले ऐकत होता आणि मधेच मान हलवत होता. तेवढ्यात मांडवातून पोरी हळदीचं ताट घेऊन धावत सुटल्या. हळदीच्या दिवशी आमच्याकडे कोणी कोरडं राहत नाही. राहीनं मला फासलं, सगुणाकाकीला फासलं आणि धर्माकाकाच्या दोन्ही गालांवर आणि हातांवर चांगली ओंजळभर हळद चोपडून ती खिदळत पळाली.

मला वाटलं, आता हा चिडणार. पण तो आपले पिवळे हात उलटसुलट करून बघत राहिला. समोर मांडव, कानावर धवले, अंगाला हळद. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मग एकदम खिसा चाचपला आणि घाबरून उठलाच.

"हलद लागली न् हातात चाकू न्हाय? आय शिव्या घालंल माझी! चाकू कुठं हाय माझा?"

सगुणाकाकीनं माझ्याकडे बघितलं. आमच्यात हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात चाकू असतो. लोखंड हातात असलं की बाधा होत नाही म्हणतात. हे आम्हा दोघींना जन्मापासून माहीत होतं, रोज कुठल्या ना कुठल्या लग्नात बघत होतो, आणि तरी इतके दिवस आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी पिशवीतून दोन्ही चाकू काढले. चाकू कोणाच्या हातात द्यायचा नसतो, भांडण लागतं, म्हणून ओट्यावर त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. धारवाला ठेवायचा नव्हता खरं तर. पण सगुणाकाकी माझ्याकडे अशी बघत होती, की माझा हात आखडला नाही. तिनं माझं मनगट धरलं.

त्यानं पहिला उघडला, अंगठा लावला. तो धारेचा होता. मिटला. दुसरा उघडला, अंगठा लावला, नखावर टेकवला. मला वाटलं, झालं, आता हा बिनधारेचा भिरकावणार. त्यानं धारेचा चाकू एका बोटानं माझ्याकडे सरकवला.

"यो कामाचा हाय. उचल. हलद लागल्यावर नवऱ्यानं कामाला हात लावायचा नसतो." आणि बिनधारेचा मुठीत घट्ट धरून मांडी घालून बसला. मग सगुणाकाकीला म्हणाला, "ए गो, बघत काय बसलीस? टोकाला लिंबू नको? जा, आन."

ती उठली. गुडघ्यांचं काही बोलली नाही. आतून लिंबू आणलं, त्यानं ते टोकावर खोचलं आणि चाकू मांडीवर उभा धरला. त्या बोथट पात्याचं जे एक टोक मी राहू दिलं होतं, तेही आता झाकलं गेलं.

"आता भायेर न्हाय जायचं हां," ती हळूच म्हणाली. "हलद लागलीय. येशीभायेर पाय टाकायचा न्हाय."

"येवढं कलतं मना," तो म्हणाला आणि पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या.

बेंजो सुरू झाला. मी धारेचा चाकू पिशवीत टाकला आणि मांडवात जेवायला गेले. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय!

रविवारी दिपेश गाडी घेऊन आला. बाप ओट्यावर बसला होता, गालांना ताजी हळद, हातात लिंबाचा चाकू. मधल्या दिवसांत तो अंगणाबाहेर गेला नव्हता. दिपेश म्हणाला, "बाबा, चला, जरा फिरून येऊ." म्हातारा त्याच्यावरच खेकसला, "हलद लागल्याल्या नवऱ्याला कुठं फिरवतोस? तुझ्या घरात कोन मोठं मानूस हाय का न्हाय?" दिपेश पायरीवर बसला. मग उठून गाडी परत सोडून आला. आईला म्हणाला, "जमेल तोवर बघू." तिला तेवढं पुरलं.

बरं झालं म्हणावं, तर तसंही नाही. हळद रोज लावावी लागते. सकाळी त्यानं हात बघितले आणि ते पिवळे नसले, की त्याला पुन्हा गाडी आठवते. म्हणून सगुणाकाकी उठल्या उठल्या आधी हळद कालवते. त्याचे कपडे, उशी, ओट्याचा खांब, सगळं पिवळं. तिची बोटं तर आता धुऊनही पांढरी होत नाहीत. दोन दिवसांनी लिंबू सुकतं, ते बदलायचं. आळीतले लोक हसतात आणि येता जाता विचारतात, "काय धर्माशेठ, लग्न कधी?" तो गंभीरपणे सांगतो, "तिकडची मानसं आली की." रोज हळद, लग्न कधीच नाही. आणि या सगळ्यात सगुणाकाकी कोण, तर करवली. नवऱ्याची कोणी लांबची बहीण, मदतीला आलेली. तिनं एकदा सांगून बघितलं, की अरे मीच तुझी नवरी. तो इतका लाजला आणि मग इतका घाबरला, की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

परवा दुकान उघडायच्या आधी मी तिच्याकडे गेले होते. आमच्या झाडाची लिंबं खूप उतरली होती, ती द्यायला. ती त्याच्या हातांना हळद लावत होती, बोटं न् बोटं, मनगटापर्यंत. तिचे डोळे मिटत होते आणि हात चालू होता. तो तिच्याकडे बघत होता. मग इकडे तिकडे बघून, कोणी ऐकत नाही ना अशा बेतानं, त्यानं विचारलं, "गो, एक सांग. तू तिकडं जाऊन येतेस ना? नवरी कशी हाय?"

सगुणाकाकीचा हात थांबला. मला वाटलं, ही आता काही तरी गोड थाप मारेल. सगळ्या करवल्या मारतात तशी, गोरी हाय, लांब केसांची हाय. तिनं वाटी खाली ठेवली.

"बरी हाय," ती म्हणाली. "जरा दमलीय."

तो विचारात पडला. चाकू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, लिंबू नीट आहे ना बघितलं.

"मंग तिला सांग, नीज म्हनावं जरा," तो म्हणाला. "मी हाय हितंच. मी कुठं जात न्हाय."

सगुणाकाकीनं त्याच्याकडे बघितलं. मग पदराची घडी करून डोक्याखाली घेतली आणि तिथेच ओट्यावर, त्याच्या पायाशी आडवी झाली. डोळा लागायला तिला क्षणभरही लागला नाही. मला रडू येत होतं, पण तिची झोप मोडेल म्हणून मी हललेसुद्धा नाही. तो चाकू हातात धरून तिच्याजवळ बसून राहिला.